अनोळखी मयतांच्या नोंदींत आपला माणूस कसा शोधायचा: मुंबईतल्या नवख्यांसाठी

मुंबईत माणूस हरवला की एका पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते. बेवारस देह सापडला की दुसऱ्या कुठल्या तरी ठाण्यात ‘एडीआर’ची, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते. या दोन कागदांची गाठ पडली तर ओळख पटते. नाही पडली तर घरचे वर्षानुवर्षं दार उघडं ठेवून बसतात, आणि त्याच माणसाच्या नावापुढे सरकारी कागदावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ एवढंच राहतं. डीएनए, कवटीवरून चेहरा उभा करणं वगैरे गोष्टींची चर्चा खूप होते. प्रत्यक्षात प्रकरण अडतं ते त्याच्या बरंच आधी, या दोन कागदांमधल्या अंतरात. ते अंतर कमी करणं हे तुमचं काम.

घरातलं कोणी हरवलेले लोक, त्यांच्यासोबत ठाण्याच्या पायऱ्या चढणारे शेजारी, चाळीतले कार्यकर्ते आणि समाजकार्याचे विद्यार्थी, यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट: मिसिंगची नोंद आणि तिचा नंबर

‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असा कोणताही नियम नाही. माणूस राहत होता किंवा शेवटचा दिसला त्या हद्दीतल्या ठाण्यात लगेच जा. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंग नोंद पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अशा प्रकरणात अपहरण गृहीत धरून गुन्हाच दाखल व्हायला हवा.

ठाण्यातून निघताना तीन गोष्टी लिहून घ्या: मिसिंग नंबर आणि वर्ष, तपासी अंमलदाराचं नाव, त्यांचा मोबाइल. पुढे जिथे जाल तिथे पहिला प्रश्न नंबरचाच येतो. अंमलदारांची बदली होते, हे धरूनच चाला. नवीन माणूस आला की पुन्हा जाऊन भेटायचं, आणि रागावून नाही. त्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या कितीतरी फायली असतात. ज्या फायलीमागचा माणूस समोर येऊन बसतो ती फाईल वर येते. हे न्याय्य नाही, पण तसंच आहे.

दुसरी: वर्णनाचा कागद. इथे वेळ घाला

‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची ५ फूट ५ इंच, अंगात निळा शर्ट.’ बहुतेक मिसिंग नोंदींत एवढंच असतं. विरार लोकलच्या एका डब्यात या वर्णनाची दहा माणसं सापडतील. शिवाय मृत्यूनंतर रंग टिकत नाही. पाण्यात किंवा उकाड्यात राहिलेला देह फुगतो, काळवंडतो, बांधाही बदलतो. म्हणून जे टिकतं ते लिहायचं.

दात टिकतात. कुठला दात पडलेला आहे, कुठे कॅप आहे, पुढच्या दातांत फट आहे का, कवळी आहे का, तंबाखू-मिश्रीचे डाग आहेत का. दाताचा एक्स-रे कधी काढला असेल तर तो सोन्यासारखा जपा. नायर डेंटल किंवा सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात उपचार झाले असतील तर जुना केसपेपर शोधा.

मोडलेली हाडं टिकतात. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला होता, मांडीत रॉड आहे, गुडघ्यात प्लेट आहे. रॉड-प्लेटवर बऱ्याचदा कंपनीचं चिन्ह आणि बॅच नंबर असतो, आणि ऑपरेशनच्या कागदांत त्याचं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते एक स्टिकर सापडलं तर अर्धी लढाई तिथेच संपते.

गोंदण आणि टॅटू बराच काळ ओळखू येतात. वरची कातडी सुटली तरी शाई खालच्या थरात राहते. हातावर आईचं नाव, नवऱ्याचं नाव, कपाळावरचं हिरवं गोंदण, मनगटावरचा ‘ॐ’ किंवा चांदतारा, जे असेल ते. नुसतं ‘हातावर टॅटू’ लिहू नका. कोणता हात, आतली बाजू की बाहेरची, अक्षरं देवनागरी की आणखी कुठली, हे लिहा आणि जमलं तर त्याचं चित्र काढून जोडा. मे २०२३ मध्ये इंटरपोलने बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या २२ अनोळखी महिलांची माहिती जाहीर केली. त्यात पहिली ओळख पटली ती १९९२ मध्ये अँटवर्पला सापडलेल्या महिलेची. ब्रिटनमधल्या तिच्या नातेवाइकांनी बातमीत हातावरचा फुलाचा टॅटू पाहिला आणि ओळखला. मध्ये ३१ वर्षं गेली होती.

कपड्यांचा रंग सांगतातच सगळे. त्यापेक्षा शिंप्याचं लेबल सांगा. कॉलरच्या आत इस्त्रीवाल्याने किंवा धोब्याने शाईने घातलेली खूण सांगा. ती खूण त्या त्या धोब्याची असते आणि गिऱ्हाइकापर्यंत नेऊ शकते. चपलेचा नंबर, पट्ट्याचं बक्कल, कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत, जोडवी, जानवं, चाव्यांचा जुडगा आणि त्यातली घराची चावी. (घराची दुसरी चावी तुमच्याकडे असेलच. कुलूप बदलू नका.) रेल्वेचा पास असेल तर कुठून कुठपर्यंतचा आणि त्यावरचा ओळखपत्र क्रमांक. मोबाइलचा आयएमईआय नंबर खोक्यावर असतो.

फोटो द्यायचा तो लग्नातला सजलेला नको. हसतानाचा द्या, म्हणजे दात दिसतात. चेहऱ्याच्या तुलनेसाठी असाच फोटो कामाला येतो. कवटीवर छायाचित्र बसवून पाहण्याच्या पद्धतीत समोरचे दात दिसले तर तुलना कितीतरी सोपी होते.

हे सगळं एका पानावर, मराठीत आणि हिंदीत. ठाण्यात द्या, पोच घ्या, आणि मूळ नोंदीत पुरवणी जबाब म्हणून घ्यायला सांगा. नुसतं फायलीत टाचलं तर ते संगणकावर चढत नाही.

तिसरी: आधी जिवंतांत शोधा

घरच्यांना मॉर्गची, म्हणजे शवागाराची भीती इतकी असते की ते एक तर तिकडे फिरकतच नाहीत, किंवा थेट तिकडेच धावतात. दोन्हीच्या आधी रुग्णालयं. बेशुद्ध आणलेला माणूस ‘अनोळखी’ म्हणूनच दाखल होतो. केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, राजावाडी, भगवती. आणि मध्य रेल्वेच्या पट्ट्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई. मोठ्या रुग्णालयांत पोलीस चौकी असते. तिथल्या रजिस्टरमध्ये तुमच्या तारखेपासून पुढे ‘अनोळखी’ नोंदी बघायला सांगा, मग ट्रॉमा आणि न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात प्रत्यक्ष फिरा. ठाण्याचं मनोरुग्णालय आणि चेंबूरचं भिक्षेकरी गृहही यादीत ठेवा. स्मृती गेलेला म्हातारा माणूस स्वतःचं नाव वेगळंच सांगत असू शकतो.

चौथी: देह कुठल्या हद्दीत नोंदला जाईल?

नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. देह सापडला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे (१ जुलै २०२४ आधी दंड प्रक्रिया संहितेचं कलम १७४) एडीआर नोंदवून पंचनामा होतो आणि शव पीएमला, म्हणजे शवविच्छेदनाला जातं. पण ठाणं कोणतं, हे देह कुठे पडला यावर ठरतं. माणूस कुठे राहत होता याच्याशी त्याचा संबंध नाही.

रुळांवर किंवा फलाटावर झालेला मृत्यू शहर पोलिसांकडे जात नाही. लोहमार्ग पोलिसांकडे जातो. मुंबई लोहमार्ग पोलीस हे वेगळं आयुक्तालय आहे आणि त्याची ठाणी चर्चगेटपासून पालघरपर्यंत, सीएसएमटीपासून कल्याण-कर्जतपर्यंत आणि हार्बरवर वडाळा, वाशी, पनवेलपर्यंत पसरली आहेत. लोकलच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. खिशातलं पाकीट उडून गेलेलं, मोबाइल फुटलेला किंवा कोणी उचललेला, अशी कितीतरी. म्हणून तुमचा माणूस लोकलने प्रवास करत असेल तर मिसिंग अंधेरीला नोंदवून भागणार नाही. घर ते कामाची जागा या पूर्ण मार्गावरच्या प्रत्येक लोहमार्ग ठाण्यात वर्णनाचा कागद गेला पाहिजे. डोळा लागला आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत गेला, हेही होतं. मार्ग थोडा लांबच धरा.

समुद्र तर हद्द मानतच नाही. मुंबईच्या उबदार पाण्यात बुडालेला देह साधारण एक ते तीन दिवसांत वर येतो आणि मग भरती-ओहोटी नेईल तिकडे जातो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरची ७० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर काही देह रायगडच्या किनाऱ्यावर आणि काही थेट गुजरातमध्ये वलसाडला लागले. जेजेमध्ये नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनएवरून ओळख पटवावी लागली. तो मोठा अपघात होता, सगळ्या यंत्रणा हलल्या. पण वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून किंवा वसईच्या खाडीपुलावरून गेलेल्या एकट्या माणसासाठी वलसाड आणि अलिबागला फोन कोण करणार? तुम्हीच. खाडीचा संशय असेल तर ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर वसई-विरार, पालघर आणि रायगड, सगळे नियंत्रण कक्ष यादीत घ्या.

पाचवी: संगणकावरचा शोध

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह असे वेगळे विभाग आहेत. लोहमार्ग पोलिसांनी बेवारस मृतदेहांसाठी ‘शोध’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची देशपातळीवरची यंत्रणाही आहे. हरवलेला माणूस मूळचा उत्तर भारतातला असेल तर ‘झिपनेट’ हेही बघा. दिल्ली आणि शेजारच्या राज्यांच्या पोलिसांच्या नोंदी तिथे एकत्र मिळतात. गावी परत जाताना वाटेत गेलेला माणूस मुंबईच्या यादीत कधीच येणार नाही.

शोधताना चाळणी सैल ठेवा. वय डोळ्यांनी ठरवलेलं असतं, म्हणून दहा वर्षं अलीकडे-पलीकडे बघा. उंचीत दोन-तीन इंचांची चूक सहज होते. तारीख ही देह सापडल्याची असते, मृत्यूची नाही. झुडपात पडलेला सांगाडा दोन वर्षांनी सापडू शकतो. नाव, धर्म वगैरे रकाने रिकामे सोडा. आणि शोध एकदाच करून थांबू नका, कारण जुन्या नोंदी उशिरा चढतात. महिन्याचा एक दिवस ठरवून घ्या.

मॉर्गमध्ये जाताना

एकट्याने जाऊ नका, आणि शक्यतो आई-वडिलांना नेऊ नका. आधी फोटो आणि वस्तू दाखवायला सांगा. कपडे, दागिने, पिशवी हा मुद्देमाल ठाण्यात असतो, मॉर्गमध्ये नाही. बरोबर एडीआर नंबर आणि शक्य तर तपासी अंमलदार हवा; नाहीतर मॉर्गचा कर्मचारी दार उघडणार नाही आणि त्याने उघडूही नये.

चेहरा बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची घाई नको. दोन्ही चुका होतात. थकलेले लोक शोध संपावा म्हणून दुसऱ्याचाच देह आपला मानतात, आणि फुगलेला चेहरा बघून आपलाच देह नाकारतात. वर्णनाचा कागद काढा आणि त्यावरच्या खुणा एकेक करून बघायला सांगा: दात, जुनी जखम, गोंदण. तीन खुणा जुळल्या आणि एक ठाम विरोधात गेली, तर उत्तर ‘माहीत नाही, डीएनए करा’ हेच.

वारस मिळाला नाही तर देह फार दिवस ठेवत नाहीत. पोलीस अंत्यविधी करतात किंवा १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली तो वैद्यकीय महाविद्यालयाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे उशिरा पोहोचलात तर प्रश्न बदलायचा: देह कुठे आहे हे नंतर. आधी विचारायचं, डीएनएसाठी दात, हाड किंवा रक्ताचा नमुना राखून ठेवला होता का, बोटांचे ठसे घेतले होते का, फोटो किती आहेत.

ठसे, हाडं आणि डीएनए: काय मागायचं

सगळे पहिल्यांदा आधारबद्दल विचारतात. बोट लावलं की नाव येईल, असं वाटतं. तसं होत नाही. आधारची यंत्रणा ‘हा नंबर आणि हे बोट जुळतं का’ एवढंच सांगते. एक अनोळखी ठसा सव्वाशे कोटींच्या साठ्यात शोधणं शक्य नाही, असं आधार प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं. शिवाय आधार कायदा हे ठसे कोणाला द्यायला मनाई करतो. पोलिसांकडे मात्र स्वतःचे साठे आहेत: महाराष्ट्राचं ‘अँबिस’ आणि २०२२ पासून देशपातळीवरचं ‘नॅफिस’. त्यांत मुख्यतः गुन्ह्यात अटक झालेल्यांचे ठसे आहेत. तुमच्या माणसाला कधी अटक झाली असेल तर लाज बाजूला ठेवून ते सांगा. त्या एका गोष्टीने ओळख लागू शकते. पाण्यातल्या देहाच्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटते, तरी त्या सुटलेल्या कातडीवरूनही ठसा घेता येतो. ‘हात खराब झाला होता’ या उत्तरावर थांबू नका.

नुसता सांगाडा असेल तर कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे बऱ्यापैकी खात्रीने कळतं, मांडीच्या हाडावरून उंचीचा अंदाज येतो. वय तरुणांत जास्त नेमकं सांगता येतं. गळ्याच्या हाडाचं आतलं टोक तिशीच्या आसपास पूर्ण जुळतं. त्याआधीचा माणूस असेल तर तज्ज्ञ बराच जवळ जातात, पुढे मात्र अंदाज पसरट होतो.

डीएनएची तपासणी कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. जुन्या अवशेषांत मांडीचं हाड आणि दाढ सगळ्यात भरवशाची. पण एकट्या हाडाला अर्थ नाही, समोर जुळवायला रक्ताचा नातेवाईक लागतो. इथे नात्यांचा हिशेब नीट समजून घ्या. आई-वडील किंवा मुलं सर्वांत उत्तम. भाऊ-बहीण चालतात, पण निकाल तेवढा ठाम येत नाही. कोणीच नसेल तर आईच्या बाजूचा धागा धरायचा: मावशी, मामा, मावशीची मुलं यांच्यात आईकडून येणारा डीएनए सारखाच असतो. मामाच्या मुलांत मात्र तो नसतो. पुरुष हरवला असेल तर काका आणि काकांचे मुलगे उपयोगी पडतात. बायकोचा नमुना एकटा निरुपयोगी. मुलासोबत घेतला तर मुलातला बापाकडचा भाग वेगळा काढायला मदत होते.

आई-वडील म्हातारे असतील तर त्यांचा नमुना लवकर घेण्याबद्दल अंमलदाराला लेखी अर्ज द्या. खासगी लॅबचा अहवाल घरच्या समाधानापुरता ठीक, पण पोलिसांमार्फत, सरकारी रुग्णालयात, ओळखीच्या कागदांसह घेतलेला नमुनाच पुढे टिकतो. हरवलेल्या माणसाचा टूथब्रश, कंगवा, रेझर धुवू नका; कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. निकालाला महिने लागू शकतात.

अमेरिकेत दूरच्या नातेवाइकांच्या वंशावळीवरून जुनी प्रकरणं सुटतात. ओहायोत १९८१ मध्ये सापडलेल्या एका तरुणीचं नाव २०१८ मध्ये असंच कळलं. त्यासाठी लाखो लोकांनी आपला डीएनए हौसेने साठ्यात दिलेला असावा लागतो. आपल्याकडे तसा साठा नाही. बेपत्ता आणि अनोळखी मयतांसाठी वेगळी सूची असलेली राष्ट्रीय डीएनए बँक ज्या विधेयकात होती, ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे आजही तुमचा नमुना आपोआप कशाशीही ताडला जात नाही. कुठल्या एडीआरशी ताडायचा हे कोणीतरी बोट ठेवून सांगावं लागतं. वरच्या सगळ्या पायपिटीचं कारण हेच.

प्रकरण जुनं असेल तर

पाच-दहा वर्षांपूर्वीच्या प्रकरणात आधी त्या वेळची हद्द शोधा. ठाण्यांचं विभाजन झालेलं असतं, आयुक्तालयं नवी झालेली असतात. मीरा-भाईंदर वसई-विरार २०२० मध्ये झालं, त्याआधीचे कागद ठाणे ग्रामीण किंवा पालघरकडचे. मुंबई शहरात १९९९ पर्यंत कॉरोनरचं, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद होतं. त्याआधीच्या मृत्यूचा कागद शोधताना कॉरोनरच्या नोंदींचा उल्लेख अर्जात जरूर करा.

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘माझ्या भावाचं काय झालं’ असं विचारू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या ठाण्यात नोंदलेल्या अनोळखी पुरुष मयतांचे एडीआर क्रमांक, सापडल्याचं ठिकाण, वर्णन, आणि राखून ठेवलेले नमुने कुठे पाठवले’ असं विचारा. यादी हातात आली की तुमच्या कागदाशी ताडा.

नमुना पाठवला म्हणजे तपासला, असं समजू नका. पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दजवळ मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले, नमुने जेजेला गेले आणि विषय तिथेच राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये शीना बोरा या तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात अटका झाल्यावर पोलीस पुन्हा त्या जागी गेले. पुढे २०२४ मध्ये सरकारी पक्षाने कोर्टात आधी ते अवशेष मिळत नसल्याचं आणि नंतर ते सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात मिळाल्याचं सांगितलं. देशभर गाजलेल्या खटल्यात हे होत असेल, तर तुमच्या नमुन्याच्या पाकिटाचा जावक क्रमांक तुम्हीच लिहून ठेवलेला बरा.

फोन आणि पैसे

‘हरवला आहे’च्या पोस्टवर नंबर टाकलात की फोन येणारच: तुमचा भाऊ आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पाच हजार पाठवा. म्हणून एक खूण कायम गुप्त ठेवा. गोंदणातलं अक्षर, पाठीवरचा डाग, काहीही एक. फोन करणाऱ्याला ती विचारा. मॉर्गमध्ये किंवा मध्यस्थाने पैसे मागितले तरी देऊ नका. नोंद बघण्याची फी नसते.

मिसिंग नोंदीत दिलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. घर बदललं, नंबर बदलला तर ठाण्यात लेखी कळवा आणि गावाकडचा दुसरा नंबरही द्या.

ओळख पटली तर

मृत्यूची नोंद ‘अनोळखी’ म्हणून झालेली असते. तपासी अंमलदाराचं ओळख पटल्याचं पत्र, पीएम अहवाल आणि डीएनए अहवालाच्या प्रती घेऊन, ज्या वॉर्डात मृत्यू नोंदला त्या वॉर्डाच्या नोंदणी कार्यालयात नाव चढवून घ्या. विमा, पेन्शन, खोलीचं भाडेपत्र, सगळं या दाखल्यावर अडतं. रेल्वे अपघात असेल तर भरपाईचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करता येतो. त्यासाठी स्टेशन मास्तरचा मेमो आणि प्रवासाचा पुरावा लागतो, म्हणून पास किंवा तिकीट मुद्देमालातून सोडवून घेताना त्याची साक्षांकित प्रत घ्या. अंत्यविधी आधीच झालेला असेल तर जागा आणि नोंद क्रमांक मागा. दफन असेल तर अवशेष पुन्हा काढण्याची परवानगी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत मिळू शकते.

ओळख पटलीच नाही आणि सात वर्षं माणसाचा काही ठावठिकाणा लागला नाही, तर मृत्यू गृहीत धरावा म्हणून दिवाणी न्यायालयात जाता येतं. तिथे पहिला पुरावा म्हणून मिसिंगचा तोच नंबर लागतो. आणि कोर्टाचा आदेश मिळाला म्हणून मिसिंगची फाईल बंद करायला सांगायची गरज नाही. देह सापडलेला नसेल तर ती चालू राहू द्या, आणि महिन्याचा तो एक दिवसही.